देओलिंदा मावशीच्या घराचं हॉटेल

लिस्बन, मंगळवार

लाडक्या आईला ग्रासिएतेचे खूप पापे,

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इथे राहायला हॉटेल शोधत होते. स्वस्तातल्या हॉटेलात गादीखाली ढेकूण निघाले. महागड्यात गेले, तर ते देओलिंदा मावशीचंच घर. घरमालकानं तिला बाहेर काढून तिथे हॉटेल थाटलंय. भिंतीवर तिचाच कपडे धुतानाचा फोटो.

"जुनी धोबीण. पाहुण्यांना असलं आवडतं," मॅनेजर कौतुकानं म्हणाला.

मला शिसारी आली. "ही माझी मावशी आहे," म्हणत मी फोटो काढून घेतला नि चालू पडले.

काळजी करू नकोस, इस्पितळाजवळ नन्सकडे स्वच्छ खोली मिळालीय. बाबांचा गुडघा कसा आहे?

फोटो मावशीला द्यायचाय. पण कुठे मिळाला म्हणून विचारलं, तर काय सांगू?

तुझीच,
ग्रासिएते