तेविसावा हात

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. थंडी पडली की तुझी करंगळी अजून ठणकते का गं? कोमट तेल चोळत जा, कंटाळा करू नकोस. परवा माझा फोन दोनदा वाजून बंद झाला, तो चुकून लागला नव्हता. सांगायचं होतं, पण तू उचलायच्या आतच मी तो ठेवून दिला. कागदावर तरी नीट उतरेल म्हणून लिहायला बसले आहे. पाठकोऱ्या कागदांना हसू नकोस. जुन्या भेट-वहीचे आहेत, टाकवत नाहीत.

तुझे बाबा बरे आहेत. निवृत्तीला चार महिने उरले, तरी रोज आठच्या ठोक्याला गुहेचं कुलूप काढतात, दहा-दहा माणसं आत सोडतात आणि कठड्याला कुणी रेललं की अजून तस्संच खेकसतात. शाळेची पोरं त्यांना ‘गुहेचे काका’ म्हणतात, ते त्यांना आवडतं; वरवर कुरकुरतात एवढंच. कड्यावर यंदा गिधाडांची नऊ घरटी आहेत. गुहेतल्या हातांच्या ठशांमुळे टेकडी संरक्षित झाली, खाणीचे सुरुंग थांबले, म्हणून ती परतली. ओढ्याकाठची झाडी इतकी दाट झाली आहे की तू लपायचीस तो खडक आता शोधावा लागतो.

या सगळ्यावर पाणी फिरेल की काय या भीतीने गेले आठ दिवस मी भाजीत दोनदा मीठ घालते आहे. मोठ्या ऑफिसातून पत्र आलं आहे. गुरुवारी एक तज्ज्ञ बाई येणार. भिंतीवरच्या प्रत्येक हाताच्या ठशाचा सुईच्या टोकाएवढा रंग खरवडून नेणार आणि कुठला हात किती जुना ते यंत्रावर ठरवणार. बाबांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि झाडू घेऊन पायऱ्या झाडायला गेले. पायऱ्या सकाळीच झाडून झाल्या होत्या.

तुला ते हात पाठ आहेत. लाल मातीत बुडवून उमटवलेले, कुणाचे कुणास ठाऊक, हजारो वर्षांचे. आणि सगळ्यांत खाली, गुडघ्याच्या जरा वर, तो लहानगा. लोक त्याच्यासाठीच येतात. माहितीच्या पुस्तकावर त्याचाच फोटो आहे. बाबा तिथे आवाज हळू करून सांगतात की हे मूल इथंच राहायचं, त्याची करंगळी कशात तरी चेंगरली असावी, बघा कशी बाहेर वळली आहे. बायका हळहळतात. ते सांगू लागले की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडते. सत्तावीस वर्षं पडते आहे.

पाटीवर तेवीस हात लिहिले आहेत. माझ्या वहीत बावीस आहेत. आपण राहायला आलो त्या आठवड्यात मी मोजले होते. तुला माहीत आहे माझी खोड, घरात काय आलं, काय गेलं, सगळं टिपून ठेवायची. बाबांची नोकरी तेव्हा कच्ची होती, लागून आठच महिने झालेले. गुहेची नोंद करायला साहेब येणार म्हणून मी दारातल्या कुंड्या रंगवायला काढल्या. विकतचा रंग कशाला, म्हणून ओढ्याची लाल माती खलून डिंकात कालवली. तू साडेचार वर्षांची. सहा महिन्यांपूर्वीच आपल्या खोलीच्या दारात तुझं बोट सापडलं होतं. संध्याकाळी तुझा तळवा लाल दिसला, मी धुऊन टाकला. सकाळी गुहा झाडायला गेले, तर तो भिंतीवर होता, खडखडीत वाळलेला. तेव्हा कठडा नव्हता. पुसायला गेले, पण बाजूलाच पाटी होती, भिंतीला हात लावल्यास शिक्षा. चार दिवसांनी साहेबांनी मोजून तेवीस लिहिले, त्या चिमुकल्या हातापुढे गुडघे टेकून फोटो काढला, बाबांची पाठ थोपटली. मी गप्प राहिले. त्यानंतर रोज प्रार्थनेला बसते आणि क्षमेच्या शब्दांपाशी अडखळते.

आता तो हात खोटा ठरला तर बाबांना काय म्हणतील? आणि उरलेल्या बावीस खऱ्या हातांवर तरी कोण विश्वास ठेवील? खाणवाले अजून पलीकडे टपून आहेत.

काल दुपारी बाबा टपाल आणायला गेले. मी किल्ली घेतली, बादलीत पाणी घेतलं, तुझ्या जुन्या परकराचं फडकं घेतलं आणि कठड्याच्या आत गेले. वर वटवाघळं सळसळली तरी वाटलं, कुणी नाव घेऊन हाक मारली. फडकं पिळलं, भिंतीपर्यंत नेलं आणि ती करंगळी दिसली. त्या दिवशी दारात तू किती रडली होतीस. माझ्याच्याने पुसवेना. कोरडी भिंत आणि ओलं फडकं, तशीच बाहेर आले, तर बाबा पायरीवर बसलेले. बादलीकडे बघून म्हणाले,

“पुसलास का?”

मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी बादली माझ्या हातून घेतली आणि पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं. मग म्हणाले, “मीही बावीसच मोजले होते.”

ठकू, त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. नोकरीच्या भीतीने तेही गप्पच राहिले. मग माझ्या ध्यानात आलं, लहान हात किती जुना हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. हे मूल इथंच राहायचं, करंगळी चेंगरली, एवढंच. एका घरात आम्ही दोघं एकाच गोष्टीला एकमेकांपासून लपवून भीत होतो.

तुझा काही दोष नाही, हे आधी मनात पक्कं धर. मी हे लिहिते आहे कारण सुई लागायच्या आत आम्ही त्या बाईंना सगळं सांगणार आहोत, आणि दोन म्हाताऱ्यांच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पुरावा लागेल, तो तुझ्यापाशी आहे. बुधवारच्या गाडीने ये. जावईबापूंना काय सांगायचं ते तू ठरव. मला अजून फार भीती वाटते आहे, आणि बाबांनाही. काल त्यांनी कुलूप तीनदा ओढून पाहिलं. पण तुला निरोप द्यायला सांगितलाय. कठडा बसल्यापासून त्यांनी तुला कधी त्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. गुरुवारी ते स्वतः तुझा हात धरून आत नेणार आहेत.

वाट पाहणारी,
तुझीच आई