ह्यांना भिजवावं लागतं

४ जुलै १९८४, मिरजोळे
आजपासून मी दमयंतीबाईंचा भाडेकरू. शाळा जवळ, खोली हवेशीर आणि जेवण असं की लग्नाची गरजच उरली नाही! मागच्या पडवीत बाई आंब्याच्या ओंडक्यांवर अळंबी पिकवतात. ओंडक्याला गिरमिटाने भोकं पाडायची, आत बी दाबायचं, वरून मेण लावायचं. आज अळंबीचीच भाजी होती, ओलं खोबरं घालून. मी निर्लज्जपणे तीनदा वाढून घेतली. बाईंचे यजमान गोपाळकृष्णपंत अर्धांगवायूने आतल्या खोलीत पडून असतात. त्यांचं दार लावलेलं असतं.

९ जुलै
एवढी अळंबी येते कशी, म्हणून विचारलं. बाई चक्क लाजल्या. म्हणाल्या, "ह्यांना आधी भिजवावं लागतं हो मास्तर. मग मार द्यायचा. त्याशिवाय फुटत नाहीत."
सकाळी मोगरीचे धपाधप आवाज येतात ते हेच तर! लाकडालाही छडी लागते, हे आम्हा मास्तरांना ठाऊक नव्हतं. खूप हसलो.

१७ जुलै
ताप आहे. पायांना मुंग्या येतात. बाई आईच्या मायेने काढा देतात. शाळेत निरोप धाडला.

२० जुलै
मोगरीचा आवाज ऐकून भिंत धरत पडवीत गेलो. ओंडके कोरडे ठणठणीत, साधी बुरशीसुद्धा नाही. आवाज आतल्या खोलीतून येत होता.
दार ढकललं. खाटेवर पंत, चिंब भिजलेले. मांड्यांवर ओळीने मेणाचे ठिपके आणि त्यांतून टपोरी अळंबी— बाईंनी मोगरी उचललेली. पंत माझ्याकडे बघत होते. जिवंत आहेत ते.
बाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'ह्यांना' म्हणजे— आणि मी मूर्ख हसलो. तीनदा वाढून घेतली—

२१ जुलै
पाय उचलत नाहीत. काढ्यातच काहीतरी आहे. नको म्हटलं तर नाक दाबून पाजतात. मला घरी जायचंय.

२३ जुलै
शाळेचा शिपाई महिपत आला होता. ओरडायला गेलो, जीभ वळेना. बाईंनी ओटीवरूनच सांगितलं, मास्तर ट्रंक घेऊन गावी गेले. त्याला अळंबीचं पुडकं दिलं. खूश होऊन गेला मेला.

बहुतेक २४
पंत सुटले. बाई रडल्या, अगदी मनापासून. मग डोळे पुसून म्हणाल्या, ते लाकूड वाळलंच होतं, तुम्ही ताजे आहात—

गिरमिट आणलंय. पायाशी बसल्यात. आधी कुठला पाय, म्हणून मायेने विचारतात. उजव्याला काही कळत नाही. डाव्याला अजून सगळं कळतं. मी उजव्याकडे बोट— बाई हसल्या, डावा मांडीवर घेत—