चष्म्याचं घर

प्रिय धाकटे,

आठवतंय तुला, आपण भाजी आणायला निघालो होतो आणि माझी बबडी दाराला पाठ लावून उभी राहिली होती? मला काही केल्या सोडेना. तू माझ्या चष्म्याचं घर तिच्या हातात कोंबून म्हणालीस, "हे धर. याच्यावाचून तुझ्या आईचं पान हलत नाही, झक मारत परत येईल!" आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी ऐकलं असतं, तर तुला बाकावर उभं केलं असतं. पण बबडी बाजूला झाली. तेव्हापासून ते घर तिला दिल्याशिवाय मी उंबरा ओलांडलेला नाही. आता तिचे केस पिकायला लागले, तरी मी परतले की आधी चष्म्याचं घर माझ्या हातात, मग रुसवा.

ती लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या करते. कुठली चादर कुठल्या फळीवर, हे तिला रंगीत फितींवरून कळायचं. तिथल्या नव्या बाईंनी फिती काढून नावं चिकटवली. वाचता येत नाही हे सांगायची हिला लाज. सकाळी त्याच बाईंच्या गळ्यात पडून "तुम्ही माझ्या सगळ्यात लाडक्या" म्हणाली आणि दुपारी "तुम्ही मला हाकलणार, माहितीय मला" म्हणत गरम इस्त्री फेकली. कुणाला लागली नाही. मग स्वतःचाच हात चावत बसली.

डॉक्टर म्हणाले, बुद्धीची वाढ कमी आहेच, जोडीला व्यक्तिमत्त्व विकारही आहे. आजवर तिचं सगळं वागणं पहिल्याच्याच खात्यावर घातलं गेलं. आता मनोविकारांचा दवाखाना म्हणतो, आमचे उपचार बोलण्याचे, हिला समजणार नाहीत. तिच्यासारख्यांचं वसतिगृह म्हणतं, समजेचं आम्ही बघू, पण हा स्वभाव नको. दोन्ही दारं बंद. मला तिची भीती वाटते गं, आणि तिच्यासाठी त्याहून जास्त.

सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. तिला "जाऊन येते" एवढंच सांगणार आहे. नाहीच आले, तर शिवणयंत्र शेजारणीला दे. लोकरीची शाल लॉन्ड्रीतल्या बाईंना. त्यांनी फिती पुन्हा लावल्या. बांगड्या तुला. चष्म्याचं घर मात्र बबडीच्या हातातून काढून घेऊ नकोस. ती म्हणेल, "चालती हो, तोंड दाखवू नकोस." जाऊ नकोस. आणि कुठे जावंच लागलं, तर आधी तुझी किल्ली तिच्या हातात ठेव. मग ती परत घ्यायला ये.

अजूनही तुझीच,
ताई