जांभळ्या कोबीचं पाणी आणि पांढरा कोट

ती. दाजींना, शिंपी मेहुण्याचा गळ्यातल्या मोजपट्टीसकट वाकून नमस्कार.

आपली गुडघेदुखी उतारावर असेल, ताईचा खोकला गेला असेल आणि हे पत्र वाचताना दोघांचा रक्तदाब बेताचा असेल, अशी आशा करतो. आम्ही ठीक आहोत. चिंगीही (आपलीच सहा वर्षांची कन्या, आली सुट्टीपुरती, पण घर आता तिचंच आहे) मजेत होती, कालपर्यंत.

‘मोबाइल देऊ नका, घरच्या वस्तूंनी प्रयोग करू द्या,’ असं बजावून आपण तिला सोडून गेलात. आपण विज्ञानाचे शिक्षक, तिथे मी काय बोलणार? सुरुवात बरी झाली. लोहचुंबक फिरवून तिनं दुकानातल्या सगळ्या टाचण्या गोळा केल्या. (कारागिराच्या खिशातल्या सुयासुद्धा. तो अजून शोधतोय.) मग काय तरंगतं नि काय बुडतं ते पाहायला बटणं, रिळं आणि आमच्या हिचा चष्मा बादलीत गेला. चष्मा बुडतो, हे ही आता शपथेवर सांगेल.

मग आला जांभळा कोबी. तो उकळून काढलेलं पाणी लिंबानं गुलाबी आणि सोड्यानं निळं होतं, हे आपणच तिला शिकवलंत. काल पेला भरून ती मला दाखवायला धावत आली, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र कोटाला शेवटचं बटण लावत होतो. (गिऱ्हाईक मोठं किरकिरं. पोट आत ओढून माप देतं, मग कोट घट्ट झाला म्हणून माझ्या नावानं खडे फोडतं. येत्या रविवारी त्याला हा कोट घालून चारचौघांत मिरवायचंय.) पेला नेमका खिशावर उपडा झाला.

डाग काही शिंप्याला नवे नाहीत. मी लिंबू चोळलं. डाग गुलाबी झाला. ‘तुम्हाला काही कळतं का, सोडा लावा,’ ही म्हणाली. लावला, तर निळा. कारागिरानं शहाणपणा करून धुण्याचा सोडा ओतला, तर हिरवा, आणि बाहीपर्यंत. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. प्रत्येक रंगाला चिंगी टाळ्या पिटत होती. शेवटी मी तिच्यावर ओरडलो. ती गुपचूप कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली, ती जेवायलाही बाहेर येईना. फार वाईट वाटलं मला.

ताईला नमस्कार सांगा.

आपला,
मेहुणा

ता. क. ते गिऱ्हाईक म्हणजे आपणच. रविवारच्या बक्षीस समारंभाचा आपला कोट तो हाच. तसलं कापड आता बाजारात मिळत नाही. पोटाबद्दलचं मागे घेतो; शिवणी सैल केल्या आहेत. पत्र आणणाऱ्या कारागिराच्या हातात पिशवी आहे, ती हे सगळं वाचून झाल्यावरच उघडावी.

ता. ता. क. कोट कुणाचा, हे चिंगीला ठाऊक आहे. ‘मामा, बाबा आता माझे प्रयोग बंद करतील ना?’ एवढंच ती विचारते. तेव्हा खरी विनंती अशी: रविवारी भाषणाला उभे राहाल तेव्हा लिंबाची फोड जवळ ठेवा आणि सगळ्यांदेखत खिशावर पिळा. हिरवा डाग गुलाबी होतो, मी कोपऱ्यावर करून पाहिलंय. मग सांगा, हा प्रयोग माझ्या मुलीचा. तिला मी पहिल्या रांगेत आणून बसवतो. होकार कारागिराबरोबरच कळवा. तोवर आम्ही दोघं टेबलाखालीच जेवतो आहोत, आणि प्रत्येक घासाला माझं डोकं वर आपटतंय.