वाघाला तुम्ही काय म्हणता

ता. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचा निबंध परिषदेत मीच वाचणार, हे ठरलं. विभागप्रमुख म्हणाले, वडिलांनी एका वाघामागे उभा जन्म घालवला, मुलाने निदान एक दुपार घालवावी. वाघाला संथाळीत कुल, खासीत ख्ला, ख्मेरमध्येही ख्ला. मधे डोंगर, समुद्र, पण ऑस्ट्रोएशियाटिक भाषाकुळाच्या मूळ पूर्वजांनी ज्याला घाबरून हा शब्द उच्चारला, तो प्राणी एकच. फक्त मोन भाषेतला 'क्ला' सांगणारी ती म्हातारी कुठली, हे बाबांनी लिहिलेलं नाही. त्यांची आठवण अलीकडे दगा देते, तेव्हा लवकर विचारून घे. वाघाचं चित्र पुढे धर आणि गप्प बस. त्यांचाच नियम आहे, बोलणाऱ्याच्या तोंडात शब्द कोंबायचा नाही. गप्प बसणं तुला जड जाईल, याची कल्पना आहे. परिषद उरकली की घरी येतोच.

लोभ आहेच, तो रागावूनही असू दे.
तुझा धाकटा

ता. १२ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गप्प बसले. बाबांनी चित्र माझ्या हातातून काढून घेतलं, मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि चित्र माझ्याचसमोर धरून थांबले. मान किंचित कलती, शब्द टिपायला परमुलखात जाऊन बसायचे तशी. मी वाघ म्हटलं. केवढे खूश झाले. पुन्हा म्हणायला लावलं, सावकाश. मग विचारलं, बाई, आपण कुठल्या, आणि ही भाषा आपल्या घरी आणखी कोण बोलतं. विचारलं मराठीतच; ते तुझ्या शास्त्रात कुठं बसतं, तू बघ. ज्या माणसाने मला जन्मभर 'भवाने' याखेरीज हाक मारली नाही, त्याची ही अदब पाहून मला रडायलाही सुचेना. म्हटलं, एक भाऊ आहे, परगावी असतो. तर म्हणाले, त्यांना लवकर बोलवून घ्या, अशी माणसं मागाहून सापडत नाहीत.

म्हातारीचं गाव विचारायचं राहिलं. निबंध काय, कुणीही वाचेल.

वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

ता. १५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निबंध विभागप्रमुखांच्या हवाली केला. तोंड वाकडं केलं त्यांनी, करू देत. उद्या निघतो. बाबांना सांग, दुसरा बोलणारा येतोय. ओळख तू करून दे, मला ते जमायचं नाही.

लोभ असू दे. त्या घरात तो आता तुझ्याकडेच मागायचा.
तुझा धाकटा