बठ्ठा शेतस का?

प्रिय सुमनअक्का,

तू गेलीस त्याला आज सव्वा महिना झाला. पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं, पण हात चालला नाही. आज शुक्रवार, चौथा तास मोकळा आहे, शाळेच्या ग्रंथालयात एकटी बसले आहे. उद्याच्या मानसभेत काय बोलायचं त्याचे मुद्दे काढायला वही उघडली, आणि पहिल्याच ओळीवर तुझं नाव लिहिलं गेलं. मग म्हटलं, मुद्दे राहू देत. आधी तुलाच सांगते.

मानसभा म्हणजे काय हे मला तूच शिकवलं होतंस. दोंडाईच्याला शाळेच्या मागच्या निंबाखाली, सातवीतून आठवीत आल्यावर. संघनायिकांनी आणि गाईड कॅप्टन बाईंनी गोल करून बसायचं, पथकाचे निर्णय घ्यायचे, कुणाचं चुकलं असेल तर तेही तिथेच बोलायचं, बाहेर नाही. तू सांगत होतीस आणि माझं सगळं लक्ष तुझ्या खिशावरच्या दोन पट्ट्यांकडे होतं. संघनायिकेला दोन, उपनायिकेला एक. माझी एक पट्टी आईने आदल्या दिवशीच शिवून दिली होती, ती तिरकी बसली होती. तू पाहिलंस आणि म्हणालीस, "पट्टी वाकडी चालेल, रांग वाकडी नको."

आता गाईड कॅप्टन मी आहे, आणि उद्या माझ्या पथकातल्या एका मुलीच्या दोन पट्ट्या काढायच्या की ठेवायच्या, हे ठरणार आहे. तिचं नाव प्राची. नववीत आहे, रोज असोद्याहून बसने जळगावला येते, घरी केळीची शेती. तू तिला पाहिलं असतंस तर तुझं आणि तिचं भांडणच झालं असतं. दोघींनाही पुढे चालायची सवय!

पण प्राचीचं सांगण्याआधी मला लळिंगचं सांगावं लागेल. तुला माहीत आहे ते. तरी सांगते, कारण ते मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेलं नाही.

किल्ल्याच्या पायथ्याशी आपलं तीन दिवसांचं शिबिर होतं. आपला मोगरा संघ, आठ जणी. तू कामं वाटून दिली होतीस: दोघी चुलीकडे, दोघी पाण्याला, एक प्रथमोपचार पेटीला, एक दोरखंड आणि तंबूला. उपनायिका म्हणून मला सांगितलंस, "वैशे, चालताना तू मांगे रहायनं. सगळ्यांच्या मागे. तुझ्यामागे कुणी उरायला नको." मला ते आवडलं नव्हतं. पट्टी मिळवून शेवटीच चालायचं? मी तोंड वाकडं केलं तशी तू हसलीस. म्हणालीस, शेपटी नसली तर म्हशीला माश्या कोण हाकलून देईल? त्या दिवसापासून संघात माझं नाव शेपटी पडलं. राग यायचा मला. आता कुणी त्या नावाने हाक मारणारं उरलं नाही, तर कान शोधत राहतात.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावरून उतरताना खालून धुराचा वास आला. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला टाकली होती. भरीत! मी शेपटी सोडली आणि पळत मधल्या मुलींना ओलांडून पुढे आले. पायथ्याशी तू वळून, सगळ्या आहेत का म्हणून विचारलंस, "बठ्ठा शेतस का?" आणि मी न पाहता म्हटलं, "शेतस."

घरी आपण दिवसातून वीस वेळा म्हणतो तसं म्हटलं. पंगतीला, लग्नाच्या ट्रॅक्टरमध्ये बसल्यावर, शेतातून निघताना. बठ्ठा शेतस का? शेतस. कुणी मोजतं का कधी? विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही. मी तसंच म्हटलं.

आठ ताटं मांडली गेली. सातांवर मुली बसल्या. आठव्या ताटावर भरीत निवत गेलं, तेव्हा तू ताटांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. एवढंच विचारलंस, "मोजं का तुनी?"

रंजू वर राहिली होती. पायात काटा मोडला म्हणून दगडावर बसली होती आणि हरवलं तर जागचं हलायचं नाही हा नियम पाळत होती. आपण दोघी धावत वर गेलो तेव्हा ती रडतही नव्हती. म्हणाली, मला वाटलं वैशाली मागून येतेच आहे. अक्का, ते वाक्य मला अजून ऐकू येतं. तिने कुणाला हाकही मारली नव्हती, कारण तिच्या हिशेबी मागे कुणीतरी होतं.

संध्याकाळी मानसभा बसली. बाईंनी विचारलं, शेवटी कोण चालत होतं? मी उभी राहणारच होते. खरंच राहणार होते. पण तू आधी उठलीस. म्हणालीस, "मोजणी माझी होती, बाई." तुझ्या पट्ट्या शिबिर संपेपर्यंत काढल्या. राज्य पुरस्काराच्या चाचणीला तुझं नाव जाणार होतं, ते दुसऱ्या संघाच्या नायिकेचं गेलं. नाशिकला जायचं म्हणून तू घरी आठवडाभर भांडून परवानगी काढली होतीस. ते मला माहीत होतं. आणि मी बसून राहिले.

पुढे तुझी दहावी आली, मग लग्न. गाईडचा गणवेश तू परत घातला नाहीस.

मला तुझा अभिमान वाटायचा. वर्षानुवर्षं वाटला. आता राग येतो, सांगू? तू माझी चूक उचललीस ती उचललीसच, परत कधी दिली नाहीस. नायिकेने उपनायिकेला कामं वाटून द्यायची, तशी तिच्या वाट्याची चूकही तिला द्यायला नको होती का? त्या दिवशी "वैशाली, तू सांग" एवढंच म्हणाली असतीस तर मी रडले असते, पट्टी गेली असती, आणि सुटले असते. एकतीस वर्षं ती चूक मनात घेऊन फिरले नसते.

सहा वर्षांपूर्वी दोंडाईच्यात लग्नात भेटलीस तेव्हा मी धीर करून विषय काढला होता. तू जिलेबी वाढत होतीस. हातातलं ताट न ठेवता म्हणालीस, "तू मांगे ऱ्हायनी नही, मी मांगे देखं नही. सरनं." आणि माझ्या पानात दोन जिलेब्या टाकून पुढच्या पानाकडे वळलीस. तुझ्यासाठी सरलं असेल, अक्का. माझ्यासाठी नव्हतं. पण पंगतीत कोण भांडणार तुझ्याशी?

आता प्राचीचं.

तीन आठवड्यांपूर्वी पथकाची पायी सहल होती, गावाबाहेरच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत. सोबत मी आणि खेळाचे सर. देवळापाशी पोचून हजेरी घेतली तर जाई संघात दोन मुली कमी. संघनायिका प्राची आणि सहावीतली एक लहान मुलगी. पाऊण तास शोधाशोध. सर खाली रस्त्यापर्यंत धावले, मी हाका मारून घसा बसवला. मग दोघी शांतपणे चालत आल्या. प्राचीने सलामी दिली, म्हणाली, संघ पूर्ण आहे मॅडम. कुठे होतीस विचारलं तर गप्प. सरांनी विचारलं, गप्प. सोमवारी मुख्याध्यापिका मॅडमनी विचारलं, तेव्हा एकच वाक्य, "मी स्वतः येऊन सांगायला हवं होतं."

पालकांपर्यंत गेलं. मॅडम म्हणाल्या, तिला नायिकापदावरून काढा, आणि यापुढे मुलींवर काही सोपवूच नका. गणवेश घालून रांगेत उभ्या राहू देत, बाकी आपण शिक्षक आहोतच. प्राचीचे वडील केळीची गाडी भरायची सोडून मोटरसायकलवर शाळेत आले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "माह्या पोरीनं काय केलं ते सांगा, मंग काढा. घरात तं ती आम्हालेच रांगेत उभं करते." मॅडमना हसू आवरेना, पण निर्णय काही बदलला नाही.

खरं मला त्या लहान मुलीच्या आईकडून कळलं. तिचं नाव मी तुलाही सांगणार नाही. वाटेत तिची पाळी सुरू झाली होती, पहिल्यांदाच. घाबरून ती चालेना. प्राचीने आपली ओढणी तिच्या कमरेला बांधली आणि जवळच्या मळ्यातल्या घरी, तिथल्या काकूंकडे घेऊन गेली. जाताना उपनायिका कोमलला सांगून गेली, फक्त मॅडमच्या कानात सांग. ती आई मला म्हणाली, निरोप मिळाला होता ना तुम्हाला? पोरीने धाडला होता म्हणे.

मला निरोप मिळाला नव्हता, अक्का. मी पुढे चालत होते, खेळाच्या सरांशी वार्षिक स्पर्धांचं बोलत. कोमल दोनदा जवळ येऊन गेली हे मला आता आठवतं. सर शेजारी असताना ती कशी बोलणार? मग हाकाटी सुरू झाली आणि ती घाबरली. मग उशीर झाला. मग आणखी उशीर झाला.

त्या सोमवारी प्राचीला सगळे बोलत होते तेव्हा मी कोमलकडे पाहिलं. बाकाची कड घट्ट धरून बसली होती, उठायला निघालेली आणि न उठलेली. तो चेहरा मी ओळखला. मीच होते ती, लळिंगच्या पायथ्याशी.

आणि प्राची तुझ्यासारखीच सगळं उचलून उभी होती. लहान मुलीची लाज, कोमलची भीती, सगळं. किती चांगली मुलगी! आणि किती चुकीचं चाललं होतं ते! पुन्हा एक उपनायिका एकतीस वर्षं गप्प बसायला निघाली होती, आणि या वेळी ते थांबवायची जबाबदारी माझी होती.

तुझ्या दहाव्याला मी आले होते, तेव्हाचं एक सांगते. जेवणाची पंगत बसली आणि तुझ्या लेकीने ओटीवरून विचारलं, "बठ्ठा बसनात का?" आतून कुणीतरी हो म्हणालं. ती थांबली नाही. खाली उतरली, बोट दाखवून एकेक माणूस मोजलं, मागच्या अंगणात हात धुणाऱ्या आजोबांना आणून बसवलं, आणि मग वाढायला घेतलं. हे तिला कुणी शिकवलं? तूच ना, अंगणवाडीसेविका होऊन रोज पोरं मोजणारी? लळिंगपासून तू कुणाच्या "शेतस"वर विश्वास ठेवला नाहीस, हे मला त्या अंगणात समजलं. म्हणजे तुझंही सरलं नव्हतं. मग मला का सांगितलंस तसं?

असो. आता काय केलं ते ऐक.

त्या आईची परवानगी घेऊन काल मॅडमच्या खोलीत गेले, दार लावून कारण सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, असं होतं तर मुलीने सांगायचं ना. मी म्हटलं, कुणाला? मी पुढे होते आणि माझ्या बाजूला सर होते. शेवटी कुणी मोठं असतं तर कोमलला धावत पुढे यावंच लागलं नसतं. चूक हजेरीची नाही मॅडम, शेपटी रिकामी होती.

त्यांना शेपटी कळली नाही. पण मुलींवर काही सोपवायचं नाही, हा हट्ट त्यांनी उद्यापुरता सोडला. म्हणाल्या, ठरवू दे तुमच्या मानसभेला, पण पुढे काही झालं तर मी तुम्हाला विचारणार. मी म्हटलं, मलाच विचारा. तसं लिहूनही दिलं.

उद्याच्या मानसभेला मी उपनायिकांनाही बोलावलं आहे. लहान मुलीचा विषय तिथे निघणार नाही, तो प्राचीने झाकला तसा झाकलेलाच राहील. कोमलचं नावही मी घेणार नाही. सर्वांत आधी मी स्वतः उभी राहीन आणि लळिंगचं सांगेन. भरिताचा वास, आठवं ताट, रंजू, तुझ्या पट्ट्या, सगळं. मी न पाहता "शेतस" म्हटलं होतं, हे त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींसमोर माझ्या तोंडून जाईल. मग मी खाली बसेन आणि वाट पाहीन.

कोमल उठेल का? मला वाटतं उठेल. उठली तर प्राचीला मी मधे बोलू देणार नाही. तुला बोलू द्यायला नको होतं तसं. ज्याची चूक त्याला उचलू द्यायची, शेजारी उभं मात्र राहायचं. हे तू मला शिकवलं नाहीस अक्का, पण तुझ्यामुळेच शिकले.

आणि नाहीच उठली, तरी प्राचीच्या पट्ट्या निघणार नाहीत. तेवढं मी ठरवून आले आहे. कोमलसाठी मग पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा. तिची एकतीस वर्षं होऊ देणार नाही.

संक्रांतीनंतर त्याच टेकडीवर पुन्हा सहल काढायची आहे, त्याच वाटेने. पुढे प्राची चालेल. कामं तीच वाटेल, दोरखंडापासून पेटीपर्यंत. सर्वांत मागे मी असेन, पाय दुखले तरी, वास कसलाही आला तरी. आणि वरून प्राचीने ओरडून विचारलं, सगळ्या आहेत का, तर मी लगेच उत्तर देणार नाही. थांबेन. बोट दाखवून मोजेन. मगच सांगेन. हे माझं तुला वचन.

तास संपल्याची घंटा होते आहे. निघते.

तुझी शेपटी,
वैशाली
उपनायिका, मोगरा संघ