मंगळावरची रांग काढू नये

मी, हेमा दिगंबर पळसुले, वय चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, व्यवसायाने विज्ञानकथालेखिका (हे खात्याला कधी कळले नाही आणि समीक्षकांनाही), राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज सकाळी डॉक्टरांनी मला वार, तारीख आणि पंतप्रधानांचे नाव विचारले. तिन्ही उत्तरे बरोबर आली. तिसऱ्या उत्तराला मी माझे मतही जोडले होते, ते त्यांनी दाखल्यात घेतलेले नाही. दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा प्रयत्न झाला, त्याची हकिकत कलम पाचमध्ये आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बिबवेवाडीचा फ्लॅट माझा स्वकष्टार्जित आहे. तो व बँकेतील ठेवी माझा मुलगा सलिल यास द्याव्यात. सलिल खराडीला एका काचेच्या इमारतीत नोकरी करतो आणि वारज्याला राहतो, म्हणजे मुख्यतः रस्त्यावर राहतो. मुलगा वाईट नाही. माझ्या कथा त्याने वाचलेल्या नाहीत, एवढेच. माझ्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहणारी कु. भाग्यश्री वानखडे हिला दुसरी जागा मिळेपर्यंत फ्लॅटमधून काढू नये.

२. मराठी टाइपरायटर सून नम्रता हिला द्यावा. "आई, मला तो हॉलमध्ये शोभेला ठेवायचाय," असे तिने तोंडावर सांगितले. घरात खरे बोलणारी ती एकटीच. 'ळ'चा दांडा अडकतो, पण शोभेला त्याची गरज पडणार नाही.

३. सत्कारांत मिळालेल्या शाली सोसायटीच्या वॉचमनला द्याव्यात. त्या ऊबदार नाहीत, हे त्याला आधीच सांगावे. बहुतेक शाली बालसाहित्याच्या आहेत. मराठीत कथेत रॉकेट आले की ती मुलांची होते, मग त्या रॉकेटात एखादी बाई गर्भपात करून घेत असली तरी. ती कथा एका शाळेने बक्षीस म्हणून वाटली होती. परीक्षकांनी मुखपृष्ठ पाहिले असावे.

४. माझे समकालीन विज्ञानकथालेखक श्री. बापूराव सहस्रबुद्धे यांना १९७९ सालचा एक दिवाळी अंक द्यावा. त्यात त्यांनी लिहिले आहे की इसवी सन दोन हजारमध्ये पुण्याचा संगणक पर्वतीएवढा होईल आणि तो चालवायला एक ब्रह्मचारी प्राध्यापक लागेल. आमची दोघांची कारकीर्द सारखीच लांब. फरक एवढाच, की नव्वदनंतर त्यांनी कथा सोडल्या आणि आयटी पार्कांच्या उद्घाटनांना जाऊन "हे मी तेव्हाच सांगितले होते" असे सांगायला सुरुवात केली. लोक त्यांना द्रष्टे म्हणतात. अंक त्यांच्या पुढच्या सत्कारात, भर सभेत द्यावा. पान वाचून दाखवावे.

५. आता मुख्य गोष्ट. माझ्या सर्व कथांचा कॉपीराइट.

माझी 'मंगळावरची रांग' ही कथा १९७४ची. मंगळावर वस्ती आहे, पण प्राणवायू रेशनवर मिळतो. आम्ही रॉकेलच्या रांगेत विटा आणि पिशव्या ठेवून नंबर लावायचो, तशी तिथली माणसे हेल्मेटे ठेवतात. दुर्गाबाईचे हेल्मेट रांगेत आहे आणि नवरा बाहेर बंद पडलेल्या गाडीत अडकला आहे. त्याला आणायला जायचे तर हेल्मेट उचलावे लागेल. उचलले तर नंबर गेला, म्हणजे मुलांचा आठवड्याचा प्राणवायू गेला. दुर्गाबाई चार पाने विचार करते आणि हेल्मेट उचलते. नवऱ्याला घेऊन परत येते तेव्हा रांगेतला एकही माणूस तिला जागा देत नाही. कथा इथे संपते.

छापताना संपादक कै. सर्जेराव यांनी पुढे एक वाक्य घातले: "तेवढ्यात दुर्गाबाईंना जाग आली आणि चहाचा वास आला." मी भांडले. ते म्हणाले, "अहो हेमाताई, दिवाळीत लोकांना असं अस्वस्थ करू नये." पुढे जवळजवळ दर दिवाळीला माझी पात्रे अशीच झोपेतून उठत राहिली. एक तर स्फोटात मेल्यानंतर उठले.

सर्जेरावांचे चिरंजीव दिग्विजय आता माझे समग्र साहित्य काढत आहेत. गेल्या महिन्यात ते सलिलला सोबत घेऊन आले.

"काकू, रांग काढू या," दिग्विजय म्हणाले. "रेशन म्हणजे काय हे आजच्या पिढीला माहीतच नाही. हसतील."

"हसू देत. तुमच्या वडिलांच्या अंकात त्यांना तीही सोय नव्हती."

"त्यापेक्षा ऑनलाइन बुकिंग टाकू. चौऱ्याहत्तर सालीच भाकीत केलं होतं, असं मुखपृष्ठावर घेता येईल."

"मी भाकीत केलेलं नाही."

"आई, छोटासा अपडेट आहे गं," सलिल म्हणाला. "लोक किती मानतील तुला!"

मी नाही म्हटले. तरी दोन आठवड्यांनी प्रुफे आली, ती बुकिंगसकट. चहाचा वासही जागेवर होता. प्रुफे टेबलावर पडली होती. भाग्यश्री यवतमाळची, कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. जेवता जेवता तिने ती वाचली आणि विचारले, "काकू, बुकिंग झालंय, हेल्मेट हातातच आहे, मग ही बाई चार पानं कसला विचार करते?"

एक प्रकाशक, एक मुलगा आणि एक मुद्रितशोधक यांपैकी कोणाला हा प्रश्न पडला नव्हता. मी तिला माझी कार्बन प्रत वाचायला दिली. वाचून ती म्हणाली, "आता जमतं. पण मला एवढी नाही आवडली. उगाच रडवता तुम्ही."

सबब माझ्या सर्व कथांचा कॉपीराइट मी कु. भाग्यश्री वानखडे हिला देत आहे. रांग, रॉकेल, नऊ वर्षे न मिळणारे टेलिफोन, माझी सगळी चुकलेली भविष्ये जशीच्या तशी छापावीत. रॉकेट उडताना मला दिसले, रांग संपताना दिसली नाही. आम्ही कुठे उभे राहून आकाशाकडे पाहत होतो, ते त्यावरून कळेल. कोणासही झोपेतून उठवू नये. दिग्विजय यांना हे मान्य नसेल तर समग्र साहित्य निघाले नाही तरी चालेल.

भाग्यश्रीला हे सांगितले तेव्हा ती घाबरली. "मला नको काकू. सलिलदादा काय म्हणतील? आणि ते प्रकाशक केस करतील."

"करू देत. कोर्टातही रांगच आहे."

"बरं. पण गोष्ट मला आवडली नाही, असं प्रस्तावनेत लिहीन. चालेल?"

चालेल. चाळीस वर्षांत माझ्यावर एवढे प्रामाणिक कोणी लिहिलेले नाही.

कायद्याने हा हक्क माझ्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालेल. भविष्याविषयी मी खात्रीने केलेले हे एकमेव विधान.

६. माझ्यामागे दिवसकार्य करू नये. वैकुंठात विद्युतदाहिनीला नंबर असेल तर सलिलने ओळख काढून पुढे घुसू नये. माझ्या जागी त्याचे स्कूटरचे हेल्मेट ठेवावे. नवेकोरे आहे, पुण्यात ते आजवर कोणाच्या उपयोगी पडलेले नाही. आणि मध्येच कोणाला घाईने ते उचलावे लागले, तर तो माणूस परत आल्यावर त्याला जागा द्यावी.

हे सर्व मी वाचून पाहिले. एकही शब्द अपडेट करण्याजोगा नाही.

ठिकाण: बिबवेवाडी, पुणे
दिनांक: १४ जुलै २००८

(सही) हेमा दिगंबर पळसुले

लेखिकेने आमच्यासमोर सही केली व आम्ही तिच्यासमोर. आम्हां दोघांना यातून काहीही मिळत नाही, याची तिने दोनदा आठवण करून दिली.

साक्षीदार:
१. (सही) मालनबाई शिरोळे, निवृत्त शिक्षिका, शेजारी
२. (सही) संपत गुजर, सोसायटीचे सेक्रेटरी